हिरण्य आणि जर

तापीच्या मुखाशी वसलेल्या सुरत शहराच्या आग्नेयेस, उधना आणि लिंबायत मागे टाकून पुढे गेले म्हणजे गोडादरा लागते. एके काळी शेतांच्या मध्ये असलेले हे लहानसे गाव कापडाच्या धंद्याने वाढत गेलेल्या नगराने आज आपल्यात सामावून घेतले आहे. सकाळच्या प्रहरी तेथील गल्ल्यांतून चालू लागले की गुजराती, हिंदी आणि ओडिया यांच्या जोडीला आपल्या खानदेशातली अहिराणी कानी पडते, आणि परप्रांतात आल्याची जाणीव क्षणभर पुसली जाते. नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, जळगाव अशा ठिकाणांहून भुसावळ-सुरत लोहमार्गाने आलेली कित्येक मराठी कुटुंबे यंत्रमागांवर, भरतकामाच्या यंत्रांवर आणि साड्यांच्या बाजारात राबून येथे स्थिरावली आहेत. आपली भाषा, आपले सण आणि आपल्या गावाचा पत्ता त्यांनी जपून ठेवला आहे.

गेल्या वैशाखात मामेबहिणीच्या मुलीच्या लग्नाच्या तयारीसाठी मी तेथे गेलो होतो. मुलीचे आजोबा, म्हणजे माझे मामा, मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले. त्यामुळे गल्लीचे आणि पुढे आम्हा घरच्यांचेही ते ‘गुरुजी’च झाले. त्यांचे शेजारी तात्या हे शिरपूरकडचे, आणि जरीच्या कारखान्यात चाळीस वर्षे हिशेबनीस म्हणून राहिलेले. संध्याकाळी दोघे ओट्यावर बसले होते. गुरुजींच्या हाती लग्नपत्रिकेचा मसुदा होता, आणि शेजारच्या पाटावर वधूसाठी आणलेली येवल्याची पैठणी उघडून ठेवलेली होती. तिच्या पदराची जर सुरतेत तयार होऊन येवल्यास गेली होती आणि विणकराच्या हातून वस्त्राचे रूप घेऊन पुन्हा सुरतेस परतली होती. त्या दोन वस्तूंच्या सान्निध्यात जो संवाद झाला, तो माझ्या स्मरणात राहिला तसा येथे मांडीत आहे.

तात्या : गुरुजी, आपण ‘तारीख’ खोडून ‘दिनांक’ लिहिलेत, ‘हजेरी’च्या जागी ‘उपस्थिती’ आणलीत, ‘खास’चे ‘विशेष’ केलेत, तोवर मी मुकाट्याने पाहत होतो, पण ‘मुक्काम गोडादरा’ यातल्या ‘मुक्काम’वर आपली लेखणी फिरली आणि तेथे ‘निवासस्थान’ आले तेव्हा मात्र मला राहवेना. ज्या शब्दाच्या आधाराने गावाकडचे प्रत्येक पत्र चाळीस वर्षे माझ्या दारी येऊन पोचले, त्याने असा कोणता अपराध केला?

गुरुजी : शब्दाने काही अपराध केला नाही, तात्या, विसर पडला आहे तो आपल्याला. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. नऊ हजार ओव्यांच्या त्या ग्रंथात शेतकऱ्याची पेरणी आहे, सोनाराची मूस आहे, लग्नातला सोहळा आहे, राजाचा दरारा आहे आणि वेदान्तातला सूक्ष्मात सूक्ष्म विचारही आहे. तरी अरबी-फारसी शब्द शोधू गेल्यास हाती जवळजवळ काही लागत नाही. पुढे देवगिरीचे राज्य बुडाले, बहमनी सत्ता आली, तिच्यातून निजामशाही-आदिलशाही निघाल्या, आणि तीनशे वर्षांत आपल्या दरबारी मराठीचे रूप इतके पालटले की इतिहासाचार्य राजवाड्यांनी जुन्या पत्रांतले शब्द मोजून पाहिले तेव्हा १६२८ च्या पत्रात शेकडा ऐंशीहून अधिक शब्द फारसी निघाले. ज्या भाषेने उपनिषदांचे सार सांगितले, तिला आपल्याच शेताचा कागद लिहिताना दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागले, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

तात्या : ती मलाही लहान वाटत नाही, पण राजवाड्यांची मोजणी तेथेच थांबली नव्हती, असे आपणच मला एकदा सांगितले होते.

गुरुजी : थांबली नव्हती, आणि माझे सारे म्हणणे त्या पुढच्या आकड्यांवरच उभे आहे. १६७७ च्या पत्रात हेच प्रमाण चाळिशीच्या आत आले आणि १७२८ च्या पत्रात दहाच्याही खाली गेले. हे आपोआप घडलेले नाही. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवछत्रपतींनी मुजुमदाराला अमात्य, सुरनिसाला सचिव, डबिराला सुमंत आणि सरनोबताला सेनापती केले, आणि रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला. राजवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत त्या कोशाने फारसी राज्यशब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. ज्या राजाने १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये याच सुरतेवर चाल करून मोगलांच्या सर्वांत संपन्न बंदराला हादरा दिला, त्यानेच शब्दांच्या प्रांतातही स्वारी केली, असे मी समजतो. किल्ले घेणे आणि किल्ल्यांची नावे आपल्या भाषेत लिहिणे ही त्याच्या दृष्टीने एकाच स्वातंत्र्याची दोन अंगे होती.

तात्या : त्या स्वारीपुढे माझेही मस्तक नम्र आहे. तरीसुद्धा पुढचे शंभर वर्षांचे राज्य ज्यांच्या नावाने चालले, ते मुख्य प्रधान असूनही लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले, आणि त्यांची दौलत ज्यांनी सांभाळली ते नाना फडणीसच राहिले. ‘पेशवा’ही फारसी आणि ‘फडणीस’ही फारसी. राजाची आज्ञा झाली तरी लोकांच्या जिभेने आपल्याला हवे ते ठेवले. आणि सुरतेचे नाव निघालेच आहे, तर शब्द केवळ तलवारीमागून आले हे म्हणणे या गावात बसून तरी मला पटत नाही. दोन कोसांवर तापीचा काठ आहे. तिथे चारशे वर्षांपूर्वी तांबड्या समुद्रातून मोखा-जिद्द्याची आणि इराणच्या आखातातून बसऱ्याची जहाजे येत. त्यांचे येणे-जाणे ज्या ऋतूवर अवलंबून, त्याला अरब ‘मौसिम’ म्हणत. आपण त्याचे ‘मोसम’ केले आणि पावसाच्या वाऱ्यांना मोसमी वारे म्हणू लागलो. ‘बंदर’ फारसी, ‘जहाज’ अरबी, ‘सुकाणू’ अरबी, ‘लंगर’ फारसी, आणि कोकणातला कोळी ज्याला अभिमानाने ‘नाखवा’ म्हणतो तो फारसी ‘नाखुदा’, नावेचा धनी. हे शब्द कोणत्या सुलतानाने कोळ्याच्या मुखी कोंबले? एकाच वादळात सापडलेल्या दोन खलाशांनी ते एकमेकांकडून घेतले.

गुरुजी : आणि त्याच बंदराच्या रक्षणासाठी जो किल्ला उभा राहिला, तो कोणी बांधला? गुजरातच्या सुलतान महमुदाच्या पदरी असलेल्या खुदावंदखान नावाच्या तुर्क सरदाराने, सोळाव्या शतकाच्या मध्यास, पोर्तुगीजांच्या आरमारावर तोफा डागण्यासाठी. ‘तोफ’ हा शब्द तुर्कीच आहे, तात्या. आपण शब्दाबरोबर आलेली नौका पाहता. तिच्यावरची तोफ मला दिसते.

तात्या : मला दोन्ही दिसतात. त्याच काळात, १५५४ मध्ये, सिदी अली रईस नावाचा उस्मानी सुलतानाचा आरमारप्रमुख वादळात आपली जहाजे गमावून या सुरतेला येऊन लागला. तोफा आणि सामग्री येथे टाकून, मोजक्या सोबत्यांसह अहमदाबाद, सिंध, दिल्ली असा खुष्कीच्या मार्गाने तो तीन वर्षांनी इस्तंबूलला परतला आणि पाहिलेल्या देशांचे वर्णन त्याने तुर्कीत लिहून ठेवले. हुमायून बादशहा वारला तेव्हा तो दिल्लीतच होता. जो तोफा घेऊन निघाला होता त्याच्या हाती शेवटी पुस्तक उरले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. आणि आज ज्या इमारतीत सुरतेच्या महानगरपालिकेचा कारभार चालतो, ती शहाजहानच्या काळात, १६४४ मध्ये, यात्रेकरू आणि वाटसरू यांच्यासाठी बांधलेली सराई आहे. मक्केची वाट सुरतेवरून जाई, म्हणून हे शहर त्या यात्रेचे दार म्हणून ओळखले जाई. अशा दारातून नुसते सैन्य येत नाही. बिऱ्हाडे येतात, दुखणी येतात, औषधे येतात, आणि त्या सर्वांची नावेही येतात.

येथे गुरुजी काही क्षण थांबले. घरातून चहा आला. तात्यांनी पैठणीचा पदर हलकेच सारखा केला, आणि मग गुरुजींनी स्वर खाली घेऊन पुन्हा आरंभ केला.

गुरुजी : आपण ज्यांचा कैवार घेता, त्या देशांनी स्वतः काय केले तेही पाहावे. अरबांनी इराण जिंकल्यावर फारसीत अरबी शब्दांचा पूर आला, तेव्हा इ. स. १०१० च्या सुमारास फिर्दौसीने शाहनाम्याचे प्रचंड महाकाव्य पुरे केले, आणि त्यात अरबी शब्दांना अगदी थोडी जागा दिली. इराणी माणूस आजही त्याला आपल्या भाषेचा रक्षणकर्ता मानतो. मुस्तफा केमाल पाशाने १९२८ मध्ये तुर्कीची अरबी लिपी बदलली, १९३२ मध्ये भाषेसाठी संस्था स्थापून अरबी-फारसी शब्दांच्या जागी तुर्की शब्द आणण्याचे कार्य हाती घेतले. आणि इराणात रझाशहाने १९३५ मध्ये त्याच हेतूने भाषेची परिषद नेमली. आपल्याकडे सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ त्याच काळातली. तुर्काने फारसी शब्द काढावा, इराण्याने अरबी शब्द काढावा, तर तो स्वाभिमान. आणि मराठी माणसाने दोन्ही काढले तर तो हट्ट, हा न्याय कुठला? शिवाय त्या चळवळीने दिलेले ‘दिनांक’, ‘महापौर’, ‘चित्रपट’, ‘दिग्दर्शक’ हे शब्द आपण आज असे वापरतो की ते कोणी घडवले हेही स्मरत नाही. नवा शब्द रुजत नाही म्हणणाऱ्यांना याहून मोठे उत्तर नको.

तात्या : ते उत्तर मला मान्य आहे, ‘दिनांक’ पत्रिकेत राहू द्या, तो आता आपल्या घरचा झाला. पण तुर्कस्तानाची गोष्ट आपण अर्ध्यावर सोडलीत. केमाल पाशाने १९२७ मध्ये सहा दिवस चाललेले जे थोर भाषण केले, तेच पुढच्या पिढ्यांना कळेनासे झाले आणि नव्या तुर्कीत पुन्हा उतरवावे लागले; आजोबांचे पत्र नातवाला परक्याच्या पत्रासारखे झाले. आपल्याला ती व्यथा नवी नाही. माझ्या घरी पणजोबांच्या वेळचे मोडीतले कागद आहेत. ते उलगडून मी नुसता पाहत बसतो. लिपीही गेली आणि आतल्या फारसी शब्दांचा अर्थही गेला, म्हणजे आपले पूर्वज आपल्याशी बोलत असूनही आपण बहिरे. घर झाडावे, पण झाडताना आजोबांची पेटी बाहेर जाऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

गुरुजी : आजोबांच्या पेटीत आजोबांचे किती आणि त्यांच्यावर लादलेले किती, हे निवडायला नको का?

तात्या : निवडू या, पण चाळणी कोणती घेणार? आपल्या प्रदेशाचेच नाव घ्या. खानदेश म्हणजे खानांचा देश. तापीकाठच्या थाळनेरला ज्यांचे पहिले ठाणे होते आणि आपला वंश जे खलीफा उमर यांच्यापर्यंत नेत, ते फारुकी राजे ‘खान’ म्हणवत. ‘खान’ हा तुर्क-मंगोलांचा शब्द आणि ‘देश’ हा आपला. दोघांच्या सांध्यावर आपले गाव वसले आहे.

गुरुजी : त्या नावाची व्युत्पत्ती कान्हदेश अशीही सांगतात, आणि अभीरांच्या प्रदेशाला कृष्णाचे नाव शोभतेही.

तात्या : शोभते, आणि कोणी तसे म्हटले तर मला आनंदच आहे. पण अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर राजपुत्र दानियालच्या नावाने त्याच प्रदेशाला ‘दानदेश’ म्हणायला लावले, ते मात्र टिकले नाही. बादशहाचा हुकूमही नाव रुजवू शकला नाही, आणि ‘खानदेश’ कोणी सांगितले नसता शेतकऱ्याच्या तोंडी राहिले. यावरून मला वाटते, की शब्द कोणी आणला यापेक्षा तो कोणी ठेवून घेतला हे पाहावे. आपला शेतकरी ‘खरीप’ आणि ‘रब्बी’ म्हणतो. अरबीत त्यांचे मूळ अर्थ शरद आणि वसंत; पण ते अर्थ आपल्याकडे कोणाला आठवत नाहीत, आपल्याकडे ती बाजरीची आणि गव्हाची नावे झाली. ‘जकात’ ही अरबस्तानात श्रद्धावंताने द्यायची दानाची रक्कम. आपण तिला नाक्यावर उभी करून मालावरचा कर बनवले. शब्द आपण जसाच्या तसा घेतला नाही. त्याला आपल्या कामाला लावले.

गुरुजी : आणि ज्याला काम कळत नाही त्याचे काय?

हा प्रश्न गुरुजींनी सहज विचारला असावा; पण तात्या एकदम गप्प झाले. मग त्यांनी जे सांगितले ते त्यांच्या पक्षाच्या विरुद्ध जाणारे होते, आणि म्हणूनच मला या संवादात अधिक मोलाचे वाटते.

तात्या : आपण विचारलेत म्हणून सांगतो. माझे वडील निरक्षर. शेताच्या वाटणीचा प्रसंग आला तेव्हा कचेरीत त्यांच्यापुढे कागद वाचला गेला. त्यात ‘दस्तऐवज’ होता, ‘फेरफार’ होता, ‘बिनतक्रार’ होते, ‘मजकूर इसम’ होता. वडिलांनी मान डोलावली आणि अंगठा उठवला. विहिरीवरचा हक्क गेला हे त्यांना दोन वर्षांनी पाण्याची पाळी आली तेव्हा समजले. त्या दिवशी तो कागद त्यांना समजेल अशा बोलीत असता, तर मी कदाचित गोडादऱ्याला आलोच नसतो. तेव्हा गुरुजी, कचेरीतल्या शब्दांपुरते मी आपल्या बाजूस आहे. जो शब्द रयतेला न कळता रयतेवर चालतो, तो गेला पाहिजे. मात्र त्याच्या जागी आपला ‘अभिलेख’ किंवा ‘विलेख’ आला असता, तरी वडिलांनी तसाच अंगठा उठवला असता, हेही मी विसरू शकत नाही.

गुरुजी : विसरू नका, ते मलाही लागले. संस्कृत शब्द झाला म्हणून तो सुगम झाला, असे आम्ही शाळेतली माणसे फार लवकर धरून चालतो. आता आपण आपल्या विरुद्धची साक्ष दिलीत, तर माझ्याजवळची मीही दडवू नये. १७५८ मध्ये आंकतिल दुपेरों नावाचा एक तरुण फ्रेंच या सुरतेला आला. तीन वर्षे येथे राहून दस्तुर दाराब या पारशी आचार्यांपाशी तो झरथुष्ट्राच्या धर्मग्रंथाची भाषा शिकला, आणि १७७१ मध्ये त्याने अवेस्ता प्रथमच युरोपपुढे ठेवला. पुढे विद्वानांनी ती अवेस्ताची भाषा ऋग्वेदाच्या भाषेजवळ ठेवून पाहिली, तेव्हा दोघी सख्ख्या बहिणी निघाल्या. आपला ‘स’ तेथे पुष्कळदा ‘ह’ होतो. आपले ‘सप्त’ ते त्यांचे ‘हप्त’, आणि त्याच कुळातल्या फारसीत ‘हफ्त’. यंत्राच्या कर्जाचा जो ‘हप्ता’ आपले लोक येथे फेडतात, तो आपल्या ‘सप्ताहा’चा मावसभाऊ आहे. ‘नाखुदा’ शब्दातला ‘ना’ ही आपलीच ‘नौ’. फारसी ‘बंद’ आणि आपला ‘बंध’ यांत अंतर एका श्वासाचे. आणि तात्या, आपण ज्या वस्तूचा हिशेब चाळीस वर्षे लिहिलात...

तात्या : जर?

गुरुजी : होय, जर. फारसीत ‘जर’ म्हणजे सोने. अवेस्तात त्याचे जुने रूप ‘झरण्य’ असे आहे, आणि वेदात तोच शब्द ‘हिरण्य’ म्हणून येतो. श्रीसूक्तात लक्ष्मीच्या वर्णनासाठी जो शब्द आम्ही दर शुक्रवारी उच्चारतो, तो आणि आपल्या वहीतला ‘जर’ हे एका आईचे दोन पुत्र आहेत. एक सिंधूच्या अलीकडे वाढला आणि एक पलीकडे. मी हे पुष्कळ वर्षांपासून जाणतो. पण परकी म्हणून खोडायच्या शब्दांच्या यादीत ‘जर’ लिहिताना ते मनाच्या कोपऱ्यात सारून ठेवीत आलो.

तात्या बराच वेळ पैठणीच्या पदराकडे पाहत राहिले. चांदीची तार ओढून ओढून केसासारखी बारीक करावी, ती चपटी करून रेशमाच्या धाग्यावर गुंडाळावी आणि वर सोन्याचा मुलामा द्यावा, अशी जरीची रीत ते मला पूर्वी सांगत असत. आत रेशीम असते म्हणून ती वळते आणि बाहेर धातू असतो म्हणून ती चमकते, असे त्यांचे शब्द होते. त्या सायंकाळी ते एवढेच म्हणाले, की चाळीस वर्षे आपण रोज हिरण्याचा हिशेब लिहिला आणि ते आपल्याला कोणी सांगितले नाही.

गुरुजी : तरीही माझा प्रश्न संपला असे समजू नका. फारसीशी आपले नाते निघाले. अरबी आणि तुर्की यांच्याशी असे रक्ताचे नाते निघत नाही. आणि नाते असले, तरी भाऊ आपल्या घरात धनी म्हणून आला की पाहुणा म्हणून, हा भेद राहतोच.

तात्या : तो भेद राहावा. संत एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला त्यातही दोघे कडाडून भांडतात, एकमेकांचे उणे काढतात. पण भांडताना दोघांनाही एकमेकांचे घर आतून ठाऊक असते, म्हणून शेवटी ते एकमेकांस आलिंगन देऊ शकतात. ज्यांच्या गुरूंनी, जनार्दनस्वामींनी, देवगिरीचा किल्ला निजामशाहीच्या चाकरीत सांभाळला, त्यांना तो दरबार बाहेरून पाहावा लागला नव्हता. अर्जाचा फारसी थाट घेऊन त्यांनी परमेश्वराला अर्जदास्त लिहिली.

गुरुजी : आपण माझ्या मनातले बोललात. राज्यव्यवहारकोश करणाऱ्याला प्रत्येक फारसी शब्द नेमका ठाऊक असावा लागला. त्यावाचून त्याला प्रतिशब्द सुचला नसता. आणि बडोद्यात जन्मलेले माधव ज्यूलियन घ्या. फारसीचे अध्यापक, उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीतून मराठीत आणणारे, आपल्या कवितेत गझल रुजवणारे. १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश त्यांनीच सिद्ध केला आणि पुढे भाषाशुद्धीचा कैवारही त्यांनीच घेतला, इतका की आपल्या जुन्या कविता त्यांनी स्वतः शुद्ध करून पुन्हा लिहिल्या. १९३६ मध्ये आपल्या जळगावला साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्ष तेच होते. शब्द ठेवावा की काढावा, या दोन्ही गोष्टींचा अधिकार त्यांना होता; कारण शब्द कोठून आला, कसा आला आणि येथे येऊन काय झाला, हे ते जाणत होते. आम्ही बहुतेक जण ते न जाणता काढतो.

तात्या : आणि आम्ही ते न जाणता ठेवतो. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९३१ मध्ये शासनशब्दकल्पतरू काढविला, त्यात कारभाराच्या एकेका शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी अशा कित्येक भाषांतले शब्द शेजारी-शेजारी मांडले आहेत. निवड करायची तर प्रथम सर्वांना असे एका ओळीत बसवावे लागते.

गुरुजी : आज असे बसवणारे किती उरले? सेतुमाधवराव पगडींनी फारसी तवारिखा मराठीत आणल्या, ग. ह. खऱ्यांनी पुण्यात फारसी कागद संपादून प्रसिद्ध केले. त्यांच्यामागे त्या वाटेने चालणारी मुले मला आमच्या शाळांतून दिसली नाहीत. ज्या भाषेत आपल्या शत्रूंनी आपला इतिहास लिहिला आणि जिच्यातून आपल्या व्यवहारात शेकडो शब्द आले, ती वाचता न येणे ही भाषाशुद्धी नाही. आपल्याच घराची अर्धी खोली कुलूपबंद ठेवणे आहे.

मी इतका वेळ नुसता ऐकत होतो. या दोन वृद्धांत कोणाचा पक्ष सबळ ठरला, असे मला कोणी विचारले तर उत्तर देणे अवघड आहे. पण त्यांचे बोलणे ऐकताना माझ्या मनाशी जे स्पष्ट झाले ते लिहून ठेवणे मला कर्तव्य वाटते. अरबस्तान, इराण आणि तुर्कस्तान हे आपण पुस्तकात शोधायचे दूरचे देश समजतो. प्रत्यक्षात ते आपल्या जिभेवर वसलेले आहेत. लग्नाच्या मांडवात सनई वाजते, पाहुण्यांना अत्तर-गुलाब होतो, पंगतीला जिलबी येते, वधूच्या पदराला जर लागते, आणि त्या मांडवाखाली मंत्र मात्र वेदांतले म्हटले जातात. यांतले काहीही काढले तरी ते लग्न आपले वाटणार नाही. त्या शब्दांबरोबर जुलूम आला तोही खरा, आणि ममत्व आले तेही खरे. ज्याला दोन्ही आठवतात त्यालाच निवडण्याचा हक्क पोचतो. तो हक्क मिळवण्याची वाट एकच आहे, की आपल्या एखाद्या मुलाने फारसी शिकावे, एखाद्याने मोडी वाचावी, आणि गोडादऱ्यासारख्या वस्तीतल्या एखाद्या मुलीने आपल्या आजोबांच्या धंद्यातले शब्द, ते बोलणारे हात थकण्यापूर्वी, वहीत उतरवून घ्यावेत.

दिवेलागणी झाली तेव्हा गुरुजींनी मसुदा पुन्हा पुढे ओढला. ‘दिनांक’ आणि ‘उपस्थिती’ त्यांनी तसेच ठेवले. मग तात्यांकडे वळून त्यांनी विचारले, की अरबीत ‘मकाम’ म्हणजे नेमके काय, हे त्यांना कधी कोणी सांगितले होते का. तात्या म्हणाले, “कारखान्यातले एक वृद्ध बोहरी कारागीर सांगत, की जिथे माणूस उभा राहतो ती जागा.”

गुरुजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. समोरच्या गल्लीतून पाळी संपलेले कामगार घराकडे परतत होते. त्यांतल्या कित्येकांची शेते अजून अमळनेर-शिरपूरकडे होती आणि मुले येथल्या शाळेत होती. “तापी बऱ्हाणपुरावरून येते, थाळनेरवरून वाहते आणि येथे येऊन समुद्राला मिळते,” ते म्हणाले, “आपणही तिच्याच काठाकाठाने आलो. गाव विचारले तर आपण अजून खानदेशातले सांगतो, आणि उभे येथे आहोत. निवासस्थान म्हणजे राहण्याचे ठिकाण. त्या शब्दात एवढे मावत नाही.” आणि पत्रिकेच्या शेवटी, मघाशी खोडलेल्या ओळीच्या खाली, त्यांनी आपल्या वळणदार शाळामास्तरी अक्षरांत पुन्हा लिहिले : मुक्काम गोडादरा.